पवनेचं पाणी आणि आपला हिशोब

कासारवाडीत पाण्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "आम्ही पाणीपट्टी भरतो, मग पाणी रोज का येत नाही?" आणि दुसरं, "मावळच्या शेतकऱ्यांनी पाइपलाइन अडवून धरली, म्हणून आपले हाल." रिक्षा स्टँडवर, किराणा दुकानात, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे हेच. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी एक दिवसाआड सोडायला सुरुवात झाली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता उंचीने माझ्या खांद्याला लागली आहेत. पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा दिवस असं कॅलेंडर त्यांना पाठ आहे.

पहिल्या वाक्यातला त्रास खरा आहे. दुसरं वाक्य मात्र अर्धवट माहितीवर उभं आहे. अर्धवट माहितीला राग चिकटला की शहर आणि गाव यांच्यात भिंत उभी राहते. म्हणून आज पवनेबद्दल लिहितो आहे.

आधी साधा हिशोब मांडू. मावळ तालुक्यातल्या पवना धरणाची साठवण साधारण साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. आपली महापालिका पवनेतून रोज सुमारे ५० कोटी लिटर पाणी उचलते. वर्षभराचा गुणाकार केला तर उत्तर साडेसहा टीएमसीच्या आसपास येतं. पावसाळ्याच्या महिन्यांत नदी स्वतःच वाहत असते, त्यामुळे हे सगळं पाणी धरणाच्या साठ्यातून जात नाही हे खरं. तरीही प्रमाण लक्षात घ्या. शिवाय एमआयडीसी याच नदीतून पाणी घेते. नदीकाठच्या गावांच्या पाणीयोजना आणि शेती यांचाही वाटा त्यातच आहे.

आता हे पाणी आपल्यापर्यंत येतं कसं? धरणातून ते नदीत सोडलं जातं. सुमारे ३५ किलोमीटर वाहत ते रावेतच्या बंधाऱ्यापाशी येतं. तिथे महापालिका ते उचलते, निगडीच्या केंद्रात शुद्ध करते आणि आपल्या नळाला देते. म्हणजे आपल्या नळात येणारं पाणी वाटेत बेबडओहोळ, गहुंजे अशा गावांच्या शिवारातून येतं. तिथल्या मोटारी नदीवर बसवलेल्या आहेत, तिथल्या विहिरी नदीच्या ओलाव्यावर भरतात, तिथली जनावरं याच पाण्यावर येतात. शहरासाठी सोडलेलं पाणी जाता जाता गावालाही जगवतं. कोणत्याही करारात लिहिलेली नसली तरी ही व्यवस्था गेली कित्येक वर्षं चालू आहे.

बंद जलवाहिनीची योजना आली ती या व्यवस्थेवर. धरणापासून थेट निगडीपर्यंत पाणी बंद पाइपातून आणायचं. शहराच्या बाजूने पाहिलं तर योजनेत तथ्य आहे. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन वाचतं, वाटेत मिसळणारी घाण टळते, शुद्धीकरणाचा खर्च कमी होतो. हे मुद्दे खोटे नाहीत. पण पाणी पाइपात गेलं की शहरासाठी नदी वाहती ठेवण्याची गरज उरत नाही. आज नदी वाहते, कारण शहराला तिची गरज आहे. उद्या ती गरज संपली तर एप्रिल-मे महिन्यात नदीत पाणी सोडायची आठवण कोण ठेवणार? मावळच्या शेतकऱ्याचा प्रश्न एवढाच होता. शहराला पाणी द्यायला त्याने कधी नकार दिला नव्हता. पाणी त्याच्या डोळ्यांसमोरून जात होतं, ते आता जमिनीखालून आणि कुलुपातून जाणार होतं.

या भीतीला इतिहासही आहे. पवना धरण बांधून पूर्ण झालं १९७२ च्या सुमारास. ज्यांची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्या शेकडो खातेदारांना पर्यायी जमिनीसाठी पुढची पन्नास वर्षं सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. धरणासाठी शब्द दिला होता, तो पाळला गेला नाही. त्याच माणसांना आता जलवाहिनीसाठी नवा शब्द दिला जात होता. आपण त्यांच्या जागी असतो तर विश्वास ठेवला असता का?

९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, मावळचे शेतकरी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मारले गेले, त्यांत एक महिला होती. राज्य हादरलं, चौकशी आयोग नेमला गेला, योजनेला स्थगिती मिळाली. ते रमजानचे दिवस होते, पहिला आठवडा नुकताच सरला होता. त्या संध्याकाळी इफ्तारनंतर आमच्या गल्लीत जे बोलणं झालं ते मला चांगलं आठवतं. मेलेल्यांबद्दल हळहळ होती, नव्हती असं नाही. पण दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी विचारलं, "मग आता पाइपलाइनचं काय?" आणि बोलणं तिकडे वळलं. विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी पाच माणसं आणि एक नळ होता. पण तीन माणसांचा जीव आणि एक नळ यांच्यात एवढंच अंतर उरलं होतं, ही गोष्ट मला आजही बोचते.

२०२३ मध्ये राज्य सरकारने स्थगिती उठवली. मावळातून पुन्हा विरोधाचा आवाज आला आणि शहरातून पुन्हा तेच दुसरं वाक्य. मधल्या बारा वर्षांत दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवून हिशोब मांडला गेला असता तर हे वाक्य एव्हाना जुनं झालं असतं.

आता गावाच्या बाजूने शहराबद्दल जे समज आहेत त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे, नाहीतर लिखाण एकतर्फी होईल. मावळात, खेडमध्ये, मुळशीत शहरवाला म्हणजे कोण? शनिवार-रविवारी मोठी गाडी घेऊन येणारा, पवनेच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून रात्रभर गाणी वाजवणारा, सकाळी बाटल्या आणि पत्रावळ्या टाकून निघून जाणारा. नाहीतर डोंगर फोडून बंगला बांधणारा. गावाला शहराचं दर्शन होतं ते असं. मग त्यांना वाटतं की आपलं पाणी नेतात ते गाड्या धुवायला आणि बागा भिजवायला. शहरात अशी माणसं आहेत. पण कासारवाडीच्या चाळीत पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंप, बादल्या, कळश्या आणि शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवणारी बाई त्यांनी पाहिलेली नसते. तिचा नवरा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असतो. रात्रपाळी करून तो घरी येतो तेव्हा आंघोळीला दोन तांबे उरलेले असतात. तिच्या वाट्याचं पाणी कोणी शेतकऱ्याने चोरलेलं नाही आणि तिनेही शेतकऱ्याचं पाणी चोरलेलं नाही. पवनेच्या वादात या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं जातं. शहरातली गळती, बेकायदा नळजोड आणि भागाभागांतलं असमान वाटप यांची चर्चा मात्र मागे पडते.

आणि ही बाई कोण आहे? तीही बहुतेक गावाचीच. माझ्या वर्गातल्या मुलांना "तुमचं गाव कोणतं?" असं विचारलं तर कासारवाडी असं उत्तर क्वचित येतं. सोलापूर, लातूर, बीड, धाराशिव, नांदेड ही नावं येतात. कोणाचे आजोबा ऊसतोडीला जायचे, कोणाची पाच एकर कोरडवाहू होती. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढच्या प्रत्येक दुष्काळात माणसं इकडे येत गेली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली. आमच्या वस्तीच्या नावात अजूनही 'वाडी' आहे. शहर झालेलं गाव आणि गाव सोडून आलेली माणसं, यांचं मिळून हे शहर बनलं आहे. पाणी नाही म्हणून ज्यांनी गाव सोडलं, त्यांनीच दुसऱ्या गावाच्या पाण्याच्या चिंतेला आडमुठेपणा म्हणावं, हे मला पटत नाही.

वर्गात मी एकदा मुलांना नकाशावर पवनेचं पाणी बोटाने पुढे न्यायला सांगितलं. धरण, रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी. दापोडीला पवना मुळेला मिळते. पुण्यात संगमावर मुळा मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा जाते उजनी धरणात. बोट उजनीवर थांबलं तेव्हा करमाळ्याचा एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर आमच्या दादांचं पाणी." त्याच्या दादांची शेती उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं आणि पाण्यात उतरलं की अंगाला खाज सुटते, असं दादा सांगतात म्हणाला. मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. सोलापूर शहरही उजनीचंच पाणी पितं. वर्गातल्या कितीतरी मुलांची नाती त्या शहरात आहेत.

पाण्याच्या वादात आपण नेहमी स्वतःला नदीच्या खालच्या टोकाला समजतो. वरच्याने अडवलं, वरच्याने दिलं नाही. पण कासारवाडीच्या खालीही माणसं राहतात आणि त्यांच्यासाठी वरचे आपण आहोत. आपण त्यांना काय पाठवतो? पिंपळे गुरवच्या बाजूला जाताना पुलावर नाकाला रुमाल लावणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात पवना आहे. कासारवाडीत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, शहरात आणखीही आहेत. तरीही नाले थेट नदीला मिळताना दिसतात. मावळच्या शेतकऱ्याने आपल्याला स्वच्छ पाणी पाठवावं ही अपेक्षा आपण ठेवतो. मग करमाळ्याच्या शेतकऱ्याने आपल्याकडून कोणती अपेक्षा ठेवायची?

मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. मराठीत देशाच्या हक्कदार माणसाला 'नागरिक' म्हणतात. हा शब्द नगरातून आला. उर्दूत त्याच माणसाला 'शहरी' म्हणतात, तो शब्द शहरातून आला. दोन्ही भाषांत हक्काचा माणूस म्हटला की तो शहरातलाच. गावच्या माणसाला मात्र उर्दूत 'गंवार' आणि मराठीत 'गावंढळ' ही नावं मिळाली. गंमत अशी की बाजारात 'गावठी' अंडी, 'गावठी' कोंबडी, 'गावठी' तूप आपण जास्त पैसे देऊन घेतो. वस्तू गावठी असेल तर किंमत वाढते आणि माणूस गावठी असेल तर उतरते. आपल्या भागात जमीन विकून पैसा आलेल्या शेतकऱ्याला 'गुंठामंत्री' म्हणून हिणवतात. त्याची जमीन मातीमोल किमतीत गेली होती तेव्हाच्या पिढीसाठी मात्र आपल्याकडे शब्दसुद्धा नाही.

आपल्या मुस्लिम समाजातही हे आहे. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत मुलाणी, तांबोळी, इनामदार, शिकलगार अशी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांची घरची बोली मराठीत मिसळलेली दखनी, गावकीतलं स्थान ठरलेलं, उरुसात आणि जत्रेत मान ठरलेला. त्यांची मुलं शहरात आली की आपल्याच लोकांकडून ऐकतात, "तुझी उर्दू गावठी आहे." ते मूल मग एक तर बोलणं बंद करतं किंवा आपलं गाव लपवायला लागतं. भाषेच्या बाबतीत जे होतं तेच पाण्याच्या बाबतीत होतं. गावच्या माणसाला काही कळत नाही, असं आधी ठरवलं की त्याचं ऐकून घ्यायची गरज उरत नाही.

त्याला कळतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या मुळशीत हेच घडलं होतं. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांचं धरण होणार होतं आणि मुळशी पेट्यातली गावं बुडणार होती. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. धरण झालंच, गावं बुडालीच. त्या घोषणेतले जान आणि जमीन हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. हक्क, अर्ज, हरकत, नुकसान, तहसील हे शेतकऱ्याच्या भांडणातले शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत येऊन राहिले आहेत. गाव-शहराचा झगडा आपल्याला परका वाटतो, पण तो ज्या शब्दांत लढला जातो ते शब्द आपल्या घरचे आहेत.

आणि या झगड्यावरचा जुना तोडगाही परका नाही. मदिनेत महजूर नावाचा एक ओढा होता. त्याच्या पाण्याबद्दल प्रेषितांनी दिलेला निवाडा हदीसमध्ये नोंदलेला आहे. वरच्या शेतकऱ्याने शेतात घोट्यापर्यंत पाणी घ्यावं आणि मग खालच्यासाठी सोडावं. वरच्याचा हक्क मान्य, पण त्या हक्काला माप आहे. आपल्या महाराष्ट्रात धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी कोणाला कधी मिळणार हे शेतकरी एकत्र बसून ठरवायचे आणि पाटकरी ते वाटायचा. या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. माप सगळ्यांना दिसतं आणि वाटणी सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते.

आज आपल्याकडे नेमकं हेच नाही. धोरणं आहेत. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि मग शेतीला स्थान होतं. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. कागदावर क्रम बदलला, त्याच वर्षी बऊरला गोळ्या चालल्या. क्रमांक बदलून विश्वास येत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. बंद जलवाहिनी व्हावी की नाही, हा पहिला प्रश्न नाही. त्याआधी चार गोष्टी व्हायला हव्यात. एक, पवना धरणग्रस्तांचा पन्नास वर्षांचा हिशोब पूर्ण चुकता करावा. दोन, नदीत बारा महिने किमान किती पाणी सोडलं जाईल हे कायद्याने बांधून घ्यावं आणि तो आकडा काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिला जावा. तीन, नवं पाणी मागण्याआधी शहराने आपली गळती आणि चोरी किती कमी केली ते जाहीर करावं. चार, कासारवाडीच्या पुढे जाणारं पाणी आपण कोणत्या दर्जाचं सोडतो त्याचाही आकडा तसाच रोज लावावा. या चार गोष्टी झाल्यावर मावळचा शेतकरी जलवाहिनीला हरकत घेईल की नाही, ते त्याला विचारावं. त्या आधी त्याच्या हरकतीला आडमुठेपणा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं सरकारचं आणि महापालिकेचं काम, यात आपण काय करणार? थोडं तरी करता येतं. पाणीपट्टी भरली म्हणून पाणी विकत घेतलं असं होत नाही. पाणी उचलण्याचा, शुद्ध करण्याचा आणि पोचवण्याचा खर्च त्यात असतो. पाणीपट्टी शेतकरीही पाटबंधारे खात्याला भरतो. एवढं तरी आपण आपल्या मुलांना सांगू शकतो. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी जपून वापरा, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. ती वजूखान्याच्या नळापासून सुरू करता येईल. निवडणुकीत उमेदवार "चोवीस तास पाणी" म्हणत दारात येतो तेव्हा त्याला विचारता येईल, ते कोणाच्या वाट्यातून आणणार आणि वापरून झालेलं कुठे सोडणार?

आणि पुढच्या वेळी कोणी मशिदीबाहेर किंवा रिक्षा स्टँडवर ते दुसरं वाक्य बोललं, तर गप्प बसू नका. त्याला विचारा, "भाई, तुझं गाव कोणतं? तिथे पाणी कुठून येतं?" बहुतेक वेळा उत्तर देता देताच त्याचा आवाज खाली येतो.